डॉक्टरकीची हमी कोणाला द्यायची?

ऑक्टोबर आला की न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत, बारावीतलं मूल असलेल्या कितीतरी मराठी घरांत एकच विषय चालू असतो. कॉमन ॲप या कॉलेजप्रवेशाच्या सामायिक अर्जाचा मुख्य निबंध लिहून झालेला असतो, बीएस-एमडीचे, म्हणजे कॉलेज आणि मेडिकल स्कूल यांच्या एकत्रित प्रवेशाचे, जादा निबंध अजून व्हायचे असतात. डॉक्टरच का व्हायचंय, आमच्याच कॉलेजात का, आणि या वयात इतकी खात्री कशावरून. बऱ्याच ठिकाणी मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे नेमकी दिवाळीच्या आसपास. ओळखीतल्या मुलांचे असे निबंध माझ्याकडेही वाचायला येतात. सुट्टीत साताऱ्याला किंवा नाशिकला गेल्यावर आजोबांच्या आजारपणात काय पाहिलं, इथल्या क्लिनिकमध्ये शॅडोइंग करताना, म्हणजे डॉक्टरच्या मागे राहून त्याचं काम बघताना, काय समजलं, हे मुलं मनापासून लिहितात. त्यांच्या हेतूवर मला बोट ठेवायचं नाही. ज्या रांगेत आपण त्यांना उभं करतो, त्या रांगेबद्दल मात्र बोलायला हवं.

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाण्याची पद्धत नाही. आधी चार वर्षांची पदवी, ती अगदी इतिहासातली असली तरी चालते. तिच्याबरोबर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे ठरलेले कोर्स. मग एमकॅट ही दिवसभराची परीक्षा. मग देशभरातल्या मेडिकल स्कूल्सना अर्ज, मुलाखती, आणि त्यानंतर चार वर्षं एमडी. मधे एखाद-दोन वर्षं संशोधन किंवा नोकरी करण्याची रीत आता इतकी रुळली आहे की मेडिकल स्कूल सुरू करताना विद्यार्थ्याचं सरासरी वय चोविशीच्या आसपास असतं. गेल्या काही वर्षांत दर वर्षी ५० हजारांहून अधिक जण अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास जणांना प्रवेश मिळतो. बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करतात किंवा दुसरं काही निवडतात.

बीएस-एमडीमध्ये हे दोन्ही प्रवेश एकाच वेळी, बारावीतच मिळतात. कॉलेजची जागा मिळाली की त्याच पत्रात मेडिकल स्कूलची जागाही राखलेली असते. बहुतेक कार्यक्रम आठ वर्षांचे आहेत, काही सातचे, मिझुरीतल्या कॅन्सस सिटीचा सहाचा. काही ठिकाणी एमकॅट द्यावीच लागत नाही. काही ठिकाणी तिच्यात किमान गुण मिळवावे लागतात आणि ठरावीक जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, राखावा लागतो, आणि तो घसरला तर जागा जाते. तेव्हा हमी सशर्त आहे. पण नेहमीच्या मार्गावरच्या विद्यार्थ्याला जी अनिश्चितता चार-पाच वर्षं सोसावी लागते, तिच्यापुढे ही हमी फार मोठी आहे. आई-बाबांच्या तोंडी म्हणूनच एक वाक्य असतं: एकदा यात लागला की सुटलो.

माझं म्हणणं असं की ही हमी आज बहुतांशी अशा मुलांना मिळते ज्यांना तिची गरज नाही. ती द्यायचीच असेल तर ज्या गावांना आणि वस्त्यांना डॉक्टर मिळत नाहीत, त्यांच्यातल्या मुलांना द्यावी, आणि त्या भागात काम करण्याच्या बोलीवर द्यावी. हे आपण म्हणायला हवं, कारण आजच्या व्यवस्थेचा फायदा ज्यांना होतो त्यांत आपली मुलं बरीच पुढे आहेत. मुलाखतीहून परतलेली मुलं सांगतात की बाहेर बसलेल्यांत भारतीय नावं किती होती. ते ऐकून आपल्याला अभिमान वाटतो. तो वाटू द्यावा, पण त्याबरोबर दुसरा प्रश्नही मनात यायला हवा.

मुळात ही कल्पना अशी नव्हती. १९५९ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या प्रमुखांनी, नेमलेल्या, फ्रँक बेन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं देशाला डॉक्टर कमी पडणार असल्याचा इशारा दिला. त्या काळजीच्या वातावरणात १९६१ साली नॉर्थवेस्टर्न आणि बॉस्टन विद्यापीठांनी आणि १९६३ साली पेन स्टेट विद्यापीठानं फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजबरोबर असे कार्यक्रम सुरू केले. हुशार विद्यार्थ्याची आठ वर्षं कशाला घालवायची, पाच-सहा वर्षांत तो डॉक्टर होऊ शकतो, हा त्यामागचा विचार. वेळ वाचवणं हा उद्देश होता आणि तो समाजाचा वेळ होता. दहा वर्षांनी आलेली दुसरी लाट तर उघडच सार्वजनिक होती. १९७१ साली कॅन्सस सिटीला सुरू झालेल्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी पहिल्या वर्षापासून अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली छोट्या गटात रुग्णांजवळ जाऊ लागले. १९७३ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात, हार्लेममध्ये, सोफी डेव्हिस हा कार्यक्रम निघाला. शहरातल्या सरकारी शाळांत शिकलेल्या, कृष्णवर्णीय, लॅटिनो, स्थलांतरित घरांतल्या मुलांना डॉक्टर करायचं आणि त्यांनी परत त्याच वस्त्यांत प्राथमिक आरोग्यसेवा द्यायची, असं तिथं ठरलं होतं. पदवीनंतर न्यूयॉर्क राज्यातल्या डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात दोन वर्षं काम करण्याचं बंधनही त्यात अनेक वर्षं होतं. २०१६ पासून तीच संस्था स्वतःचा एमडी अभ्यासक्रम चालवते.

नॉर्थवेस्टर्नचा कार्यक्रम काही वर्षांपूर्वी बंद झाला. ब्राउन विद्यापीठाचा १९८०च्या दशकात सुरू झालेला पीएलएमई हा असाच आठ वर्षांचा कार्यक्रम आज सगळ्यात नावाजलेला; अर्ज हजारोंनी येतात आणि शंभरातल्या दोन-तीन जणांनाच प्रवेश मिळतो. इतक्या कमी जागांसाठी इतके अर्ज आल्यावर निवड कशी होते, हे एकदा नीट बघायला हवं.

चांगले मार्क, एसएटी या प्रवेशपरीक्षेत सोळाशेपैकी पंधराशेच्या वर गुण, कॉलेजच्या पातळीचे दहा-बारा एपी विषय, एवढं तर सगळ्यांकडेच असतं. मग बघितलं जातं की या मुलाला वैद्यकाची खरी ओळख आहे का. म्हणजे शॅडोइंग किती तास केलं, हॉस्पिटलात व्हॉलंटिअरिंग किती, प्रयोगशाळेत संशोधन केलं का, कुठे नाव छापून आलं का. सोळा वर्षांच्या मुलाला डॉक्टरच्या मागे उभं राहायला कोण देतं? ज्याची आई डॉक्टर आहे, किंवा बाबांचा मित्र कार्डिऑलॉजिस्ट आहे, त्याला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उन्हाळाभर बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याला उन्हाळ्यात दुकानात उभं राहून घरखर्चाला हातभार लावावा लागत नाही, तो. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेनं २०२३ साली दाखवून दिलं की शाळकरी मुलांना शोधनिबंध लिहून, छापून आणण्यासाठी हजारो डॉलर घेणाऱ्या सेवांचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. खासगी काउन्सेलरची फी निराळी. यातलं काहीच बेकायदा नाही, आणि आपल्यातले कितीतरी पालक हे सगळं मुलांच्या प्रेमापोटीच करतात. पण या कसोट्यांतून मुलाची वैद्यकाची ओढ जेवढी कळते, तितकीच त्याच्या घरची ओळखपाळख आणि ऐपतही कळते, आणि निवड समितीला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

मेडिकल स्कूल्समध्ये हा कल आधीच आहे. अमेरिकन मेडिकल कॉलेजेसच्या संघटनेनं, म्हणजे एएएमसीनं, तीस वर्षांची आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की विद्यार्थ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश हे उत्पन्नाच्या वरच्या दोन पंचमांश घरांतले असतात. सगळ्यात खालच्या पंचमांशातले शंभरात पाच-सहाही भरत नाहीत. खेड्यांतून येणाऱ्या मुलांचं चित्र आणखी वाईट आहे. २००२ ते २०१७ या काळात मेडिकल स्कूल्समध्ये दाखल होणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि शेवटी ती एकूण प्रवेशांच्या पाच टक्क्यांच्याही खाली आली. नेहमीच्या मार्गात निदान चार वर्षं कॉलेजात स्वतःला घडवायला, मागे राहिलेलं भरून काढायला वाव असतो. सोळा-सतराव्या वर्षीच निवड उरकली की तोही उरत नाही. त्या वयापर्यंत मुलानं जे काही केलेलं असतं, त्यातलं बरंचसं आई-वडिलांनी जुळवून दिलेलं असतं.

आता गरजेचं बघू. एएएमसी दर वर्षी एक तक्ता प्रसिद्ध करते; जीपीए आणि एमकॅटच्या गुणांनुसार किती जणांना प्रवेश मिळाला याचा. त्यातल्या सगळ्यात वरच्या चौकटीत, म्हणजे जीपीए ३.८ किंवा त्याहून अधिक आणि एमकॅट ५१८ किंवा त्याहून अधिक असलेल्यांत, दर दहांतल्या आठांना कुठे ना कुठे प्रवेश मिळतोच. बीएस-एमडीत निवडली जाणारी मुलं पुढे जाऊन बहुतांशी याच चौकटीच्या आसपास पोचतील अशी असतात. त्यासाठीच तर त्यांना निवडलेलं असतं. म्हणजे जे चार वर्षांनी आपल्या बळावर आत गेलेच असते, त्यांना आपण चार वर्षं आधी पत्र देतो. त्यांना मनःशांती मिळते, आई-वडिलांना झोप लागते, आणि देशाला त्यातून एकही जादा डॉक्टर मिळत नाही.

मनःशांती ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मला वाटत नाही. या कार्यक्रमांच्या बाजूनं जे बोललं जातं त्यात मला सर्वांत पटणारा मुद्दा हाच आहे. एमकॅटची टांगती तलवार नसेल तर मूल भीतीपोटी विषय निवडत नाही. ब्राउनमध्ये पीएलएमईची मुलं तत्त्वज्ञान, संगीत, अर्थशास्त्र शिकतात, आणि चार वर्षांनी डॉक्टर व्हायचं नाही असं वाटलं तर बाजूलाही होऊ शकतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलनं १९८७ पासून वेगळा प्रयोग केला: कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात, मानव्यविद्या शिकणाऱ्या मुलांना एमकॅटशिवाय, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सक्तीशिवाय जागा द्यायची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही मुलं मेडिकल स्कूलमध्ये इतरांच्या बरोबरीनं चाललेली दिसली. लवकर दिलेली हमी माणसाला आळशी करत नाही, उलट मोकळं करते, याचा हा चांगला पुरावा आहे.

आणि म्हणूनच ती कोणाला द्यायची हा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरतो. मोकळं होण्याची सगळ्यात जास्त गरज कोणाला असते? एमकॅटच्या क्लासची फी ज्याला परवडत नाही त्याला. पंधरा-वीस कॉलेजांचे अर्ज आणि मुलाखतींचा खर्च ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याला. बिनपगारी गॅप इयर घेणं ज्याला शक्यच नाही, आणि पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात 'बी' ग्रेड मिळाली की "हे आपलं काम नाही" म्हणून जो निमूटपणे प्री-मेड सोडून देतो, त्याला. असे किती चांगले डॉक्टर कॉलेजच्या पहिल्याच वर्षात हरवतात याची मोजदाद कोणत्याही तक्त्यात येत नाही, कारण ते अर्जापर्यंत पोचतच नाहीत. हमीनं यांच्या आयुष्यात फरक पडेल.

असं करून दाखवलेली उदाहरणं आहेत. न्यू मेक्सिको हे विरळ वस्तीचं, गरीब राज्य. तिथल्या विद्यापीठानं २००६ साली बीए-एमडी सुरू केला. दर वर्षी २८ विद्यार्थी, सगळे राज्यातले किंवा नवाहो नेशन या मूलनिवासींच्या प्रदेशातल्या शाळांतले. लहान गावं, आदिवासी भाग, सीमेजवळच्या वस्त्या यांतून मुलं घ्यायची, कॉलेजच्या काळात उन्हाळ्यात त्यांना राज्यातल्याच गावांत राहून तिथलं आरोग्य समजून घ्यायला लावायचं, आणि मेडिकल स्कूलची जागा राखून ठेवायची. टेक्सासच्या विधिमंडळानं २००१ साली जेएएमपी ही योजना कायद्यानं आणली. तिच्यात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांची निवड बारावीत होत नाही, ती कॉलेजात दाखल झाल्यावर होते. मग शिष्यवृत्ती, उन्हाळी प्रशिक्षण, एमकॅटची तयारी, आणि अटी पूर्ण केल्या की राज्यातल्या एका मेडिकल स्कूलमध्ये नक्की प्रवेश. हमीबरोबर ती पेलण्याचं बळही द्यायचं, हे या योजनेनं नीट ओळखलं आहे.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते जेफर्सनचं उदाहरण. ज्या मेडिकल कॉलेजनं १९६३ साली पेन स्टेटच्या हुशार मुलांसाठी लवकरचा मार्ग काढला, त्याच कॉलेजनं १९७४ साली दुसरी योजना सुरू केली: खेड्यात वाढलेली, खेड्यात फॅमिली डॉक्टर होऊ इच्छिणारी मुलं शोधून घ्यायची. हॉवर्ड रॅबिनोविट्झ यांनी या मुलांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला. १९९९ साली त्यांनी जे छापलं ते वाचून थांबायला होतं. पेनसिल्व्हेनियाच्या सात मेडिकल स्कूल्समधून शिकून त्याच राज्याच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांपैकी २१ टक्के या एका योजनेतले होते. सातही कॉलेजांच्या एकूण पदवीधरांत योजनेचा वाटा होता जेमतेम १ टक्का. आणि दिलेला शब्द पाळलाच पाहिजे अशी कायदेशीर सक्ती त्यांच्यावर नव्हती. निवड योग्य माणसाची झाली की तो आपणहून तिथं राहतो.

यावर मराठी वाचकाला नवल वाटायचं कारण नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली ती याच विचारानं. नव्या विद्यार्थ्यांनी आधी पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात राहायचं, प्रत्येक तुकडीनं एक गाव दत्तक घ्यायचं, आणि तिथंच पदव्युत्तर शिक्षण हवं असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात काम करून यायचं. तिच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. देशभरासाठी 'नीट' ही एकच प्रवेश परीक्षा आल्यावर ती परीक्षा गेली. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना आजही एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉण्ड असतो. कितीतरी जण १० लाख रुपये दंड भरून त्यातून मोकळे झाले, सरकार कधी काटेकोर असतं कधी नसतं, हे सगळं आपण जाणतो. पण समाजाच्या पैशानं शिकलास, तर समाजाला थोडी वर्षं दे, ही अपेक्षा इथल्या मराठी डॉक्टरांच्या पिढीला अपरिचित नाही. त्यांतले कितीतरी जण पुण्याच्या बी. जे., मुंबईच्या ग्रँट किंवा जी. एस. मेडिकलमध्ये नाममात्र फीमध्ये शिकले आणि १९६५च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेचं दार उघडल्यावर पुढच्या काही दशकांत इकडे आले. बारावीनंतर मेडिकल हा क्रम त्यांना नैसर्गिक वाटतो, त्यामुळे बीएस-एमडी त्यांना आपलासा वाटतो हेही स्वाभाविक आहे. फक्त त्या क्रमाची दुसरी बाजू, स्वस्त शिक्षणाच्या बदल्यात असलेली देण्याची बाजू, इथं येताना मागे राहिली.

माझ्या म्हणण्यावर घरोघरी पहिली हरकत येते ती अशी: आमच्या मुलांनी रात्रंदिवस मेहनत केली आहे, त्यांनीच का सोडायचं? आधीच भारतीय आणि चिनी मुलांना नामवंत कॉलेजांत जास्त गुण असूनही डावललं जातं. या भावनेला आधार नाही असं म्हणता येणार नाही; हार्वर्डविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३च्या जूनमध्ये निकाल विद्यापीठाच्या विरोधात लागला. पण मी सुचवतो आहे असा निकष वंशाचा नाहीच, तो गावाचा आणि उत्पन्नाचा आहे. कॅन्ससच्या एखाद्या छोट्या गावात हायवेवर मोटेल चालवणाऱ्या गुजराती घरातली मुलगी या निकषावर पुढे येईल. एडिसनमधल्या दोन डॉक्टरांचा मुलगा येणार नाही. त्या मुलाचं काही हिरावलं जात नाही. मेडिकल स्कूलचं नेहमीचं दार त्याच्यासाठी उघडं आहे, आणि त्या दारातून जाण्याची त्याची शक्यता देशातल्या बहुतेक अर्जदारांपेक्षा कितीतरी जास्त आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवलं की सारखेच एसएटी गुण असताना सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या मुलांना नामवंत बारा खासगी कॉलेजांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गातल्या मुलांच्या दुपटीहून अधिक असते. तो पक्षपात आपल्याला सलतो, कारण तो आपल्यापेक्षा वरच्यांच्या बाजूनं आहे. बीएस-एमडीत आपण वरच्यांत मोडतो, तिथंही तो तितकाच सलायला हवा.

(ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या आपल्याच घरांचा विचारही यात यायला हवा. यातले बरेच कार्यक्रम नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांना अर्जच करू देत नाहीत. दुसरीत असताना इथं आलेली, इथंच वाढलेली मुलगी केवळ व्हिसामुळे बाहेर राहते, आणि आपल्या मंडळांच्या मार्गदर्शन सत्रांत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.)

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. सतराव्या वर्षी डॉक्टर व्हायचं ठरवणं घाईचं असेल, तर त्याच वयात अमुक भागात काम करीन असा शब्द घेणं अधिकच अन्यायाचं नाही का? श्रीमंत घरातल्या मुलानं मोकळं राहायचं आणि गरीब घरातल्या मुलीनं बांधून घ्यायचं? हा प्रश्न विचारणाऱ्याशी माझं भांडण नाही. म्हणूनच मला टेक्सासची पद्धत न्यू मेक्सिकोच्या पद्धतीपेक्षा पुढची वाटते: निवड कॉलेजच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात व्हावी, बारावीत नको. तोवर मुलानं घराबाहेर राहून पाहिलेलं असतं, एखादं सत्र बिघडून सावरलेलं असतं. मेडिकल स्कूल सुरू होण्याआधी बाहेर पडायचं असेल तर दंड नसावा. आणि सेवेचं बंधन घालायचं असेल तर त्या बदल्यात पूर्ण फी माफ व्हावी, नुसती जागा नव्हे. मग तो करार दोन्ही बाजूंनी खरा होतो.

पैशाचा प्रश्न आता टाळता येणार नाही अशा टप्प्यावर आला आहे. कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर मेडिकल स्कूल संपताना सरासरी दोन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं ग्रॅड प्लस ही सरकारी कर्जयोजना १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली आणि वैद्यकासारख्या व्यावसायिक शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जावर वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातली. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च याहून बराच जास्त असतो. वरचे पैसे आई-वडील देऊ शकतात त्यांचं काही अडणार नाही. ज्यांचे देऊ शकत नाहीत त्यांना खासगी बँकेकडे जावं लागेल, आणि तिथं जामीन कोण राहणार हा प्रश्न येईल. अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनला २०२४ साली रूथ गॉट्समन यांनी शंभर कोटी डॉलर देऊन सगळ्यांची फी माफ केली. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण दात्यांच्या उदारपणावर देशाचं वैद्यकीय शिक्षण चालू शकत नाही. २०३६ पर्यंत अमेरिकेत ८६,००० पर्यंत डॉक्टर कमी पडतील असा एएएमसीचा अंदाज आहे. ही तूट मॅनहॅटनमध्ये किंवा बे एरियात सगळ्यात आधी जाणवणार नाही. जिथं बाळंतपणासाठी आजच तास-दीड तास गाडी चालवत जावं लागतं, तिथं ती जाणवेल.

सार्वजनिक विद्यापीठांनी निदान एवढं तरी करावं: राज्याच्या करदात्यांच्या पैशावर चालणारा बीएस-एमडी असेल तर त्यातल्या बहुसंख्य जागा राज्यातल्या डॉक्टर कमी असलेल्या जिल्ह्यांतल्या आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी असाव्यात. शॅडोइंगचे तास अर्जात विचारू नयेत. ते मुलाला कॉलेजात आल्यावर मिळवून द्यावेत. त्याऐवजी घरची जबाबदारी, पगारी नोकरी, आजाऱ्याची शुश्रूषा यांची नोंद घ्यावी. सोळा वर्षांची मुलगी आजीला डायलिसिसला घेऊन जाते, तिथं दुभाषाचं काम करते, तिला वैद्यक कळतं. खासगी विद्यापीठांवर जबरदस्ती करता येणार नाही, पण एक मागणी रास्त आहे. या कार्यक्रमात आलेल्यांपैकी किती जणांचे आई-वडील डॉक्टर होते, घरचं उत्पन्न किती होतं, आणि दहा वर्षांनी ते कोणत्या शाखेत, कोणत्या गावात काम करतात, हे त्यांनी दर वर्षी जाहीर करावं. आकडे समोर आले की विद्यापीठालाच उत्तर द्यावं लागेल.

आणि आपल्या हातात असलेलंही काही आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना इतके डॉक्टर जमतात. गावोगावच्या मराठी मंडळांत कॉलेजप्रवेशाची सत्रं होतात, आणि त्यांतून कोणाच्या मुलाला कोणाच्या क्लिनिकमध्ये शॅडोइंग मिळेल हे सहज ठरतं. एका फोनवर काम होतं. तीच जागा मंडळाबाहेरच्या मुलांसाठीही ठेवता येईल. प्रत्येक डॉक्टरनं उन्हाळ्यात ओळखीतल्या एका मुलाबरोबर एक अनोळखी मूल घ्यावं, आपल्या हॉस्पिटलच्या सगळ्यात जवळच्या सरकारी शाळेतलं किंवा कम्युनिटी कॉलेजातलं. शाळेच्या काउन्सेलरला एक ईमेल पुरतो. नावं त्यांच्याकडे तयार असतात. रुग्णांच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण, लसींची नोंद, पालकांची सही, हे सोपस्कार हॉस्पिटलचं व्हॉलंटिअर ऑफिस दोघांसाठी एकदमच करून देतं. त्या मुलाला येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण मंडळाच्या निधीतून द्यावं, कारण पगारी काम सोडून तो येणार आहे. हा खर्च आपल्या गणपतीच्या एका सांस्कृतिक कार्यक्रमापेक्षा जास्त होणार नाही, आणि तो येत्या जूनपासून सुरू करता येईल.